आजचं चिंतन : आरशावरची धूळ आणि नवं ग्राफिक्स कार्ड



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ३९.

कालच्या श्लोकात स्वधर्माचा विषय झाला. आज अर्जुन विचारतो, की देवा, माणसाच्या मनात नसतं तरी तो चुकीच्या वाटेला जातो, जणू कोणी मागून ढकलतंय. हा ढकलणारा कोण? भगवंत सरळ नाव सांगतात. काम, आणि त्याच्याच जोडीचा क्रोध. काम म्हणजे इथे फक्त देहाची वासना नाही. "हे मला पाहिजे" असं जे जे आतून उठतं ते सगळं त्यात आलं. मग तीन दृष्टांत येतात. अग्नी धुराने झाकतो, आरसा धुळीने झाकतो, गर्भ वारेने झाकलेला असतो. तसं आपलं ज्ञान कामाने झाकलं जातं. आणि हा काम म्हणजे अशी आग, की कितीही घाला, तिचं पोट भरत नाही.

आपण चंद्रपूरचे लोक. धूर काय आणि धूळ काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. दुर्गापूर, ऊर्जानगरकडच्या घरात सकाळी आरसा पुसला तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. म्हणून हे श्लोक आज मी जरा वेगळ्या विषयाला लावून पाहतो. विषय आहे संगणकावरचे खेळ आणि त्यासाठी निघणारी नवी नवी यंत्रं. काही वाचकांना हा विषय परका वाटेल. ज्यांच्या घरी सोळा ते पंचविशीतलं लेकरू आहे, त्यांना वाटणार नाही.

आधी वस्तू काय ते सांगतो. संगणकात चित्र काढण्याचं काम करणारा एक वेगळा भाग असतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. खेळ किती सुरळीत आणि किती खरा दिसेल ते बरंचसं त्यावर ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लास वेगासच्या प्रदर्शनात एन्व्हिडिया कंपनीने आरटीएक्स ५० ही नवी मालिका जाहीर केली. त्यातलं सगळ्यात मोठं कार्ड ५०९०. त्याच्या चिपवर ९,२०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. चिप केवढी? मोठ्या टपाल तिकिटाएवढी. भारतात त्याची किंमत २,१४,००० रुपयांपासून जाहीर झाली, आणि त्याच मालिकेतल्या ५०७० ची ५९,००० पासून.

यात नवीन काय? तर कार्ड आता प्रत्येक चित्र स्वतः काढत बसत नाही. एक चित्र खरं काढतं, आणि पुढची तीनपर्यंत चित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेने अंदाजाने भरतं. डोळ्याला ते एकसलग दिसतं.

हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपलं मन पहिल्यापासूनच करत आलं आहे! एक सुख खरं भोगलेलं असतं. त्याच्यापुढे मन स्वतःच तीन सुखं काढून ठेवतं. वस्तू घरी येण्याआधीच ती आल्यावर कसं वाटेल याची चित्रं सुरू होतात. आणि हाव असते ती त्या भरलेल्या चित्रांची. म्हणून वस्तू आली तरी पोट भरत नाही. जे मुळात काढलेलंच नव्हतं, ते वस्तूत सापडणार कुठून?

आता दृष्टांतांकडे येऊ. जुन्या सांगणाऱ्यांनी या तिघांत कामाच्या तीन पायऱ्या पाहिल्या आहेत, त्या इथे चांगल्या लागू पडतात.

पहिला धूर. नवीन कार्ड जाहीर झालं, मुलाने रात्री जागून तो कार्यक्रम पाहिला, मित्रांशी बोलला, डोळे चमकले. हा धूर आहे. एक फुंकर मारली की उडतो. सकाळी कॉलेजची बस पकडायची असली की आपोआप विसरतो. यावर घरच्यांनी आरडाओरडा करायची काही गरज नाही.

दुसरी धूळ. ती रोज थोडी थोडी बसते. रोज भाव पाहायचा, रोज कोणाचा तरी चाचणीचा व्हिडिओ पाहायचा. धूळ फुंकरीने जात नाही, कापड घेऊन पुसावी लागते.

माझा एक भाचा इंजिनिअरिंगला आहे. मूल तालुक्यात त्यांची धानाची शेती. त्याच्याकडे जीटीएक्स १६५० हे कार्ड आहे, २०१९ सालचं. त्याला ५०७० पाहिजे. मला म्हणाला, "मामा, तुम्ही बाबाले सांगा ना. तुमचं ऐकतात ते."

मी त्याला एवढंच विचारलं, "हे नवीन निघालं त्या दिवसापासून तुझं जुनं कार्ड हळू चालते का रे?"

तो हसला. "नाही मामा, तेवढंच चालते. पण आता लावावंच नाही वाटत."

आजच्या चिंतनाचं सार मला या उत्तरात सापडलं. यंत्रात काहीच बदललं नाही. काल ज्याने आनंद होत होता ते आज नकोसं झालं, कारण मध्ये धूळ बसली. आरसा तोच, काच तीच, फक्त आपला चेहरा दिसेना.

मी त्याला म्हटलं, "बाबांना मी नाही सांगत, तूच सांग. फक्त रुपयांत नको सांगू, धानात सांग." २०२५-२६ च्या हंगामाला साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे ५९,००० चं कार्ड झालं पंचवीस क्विंटल धान. रोवणीच्या चिखलात कोण वाकलं, कापणीच्या वेळी पाऊस आला तेव्हा कोणाची झोप उडाली, हे त्या पंचवीस क्विंटलात आहे. हे मी त्याला गप्प करायला सांगितलं नाही. मागायचंच असेल तर पूर्ण वस्तू डोळ्यासमोर ठेवून मागावं, एवढंच. किमतीचा आकडा पाहिला की घाम दिसत नाही. त्याने अजून बाबांना विचारलेलं नाही. विचारेल तेव्हा विचारेल.

तिसरी वार. गाय विताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माहीत आहे, वेळेच्या आधी ओढाताण केली तर वासरू आणि गाय दोघंही धोक्यात येतात. काही हाव अशीच माणसाला चहूबाजूंनी गुंडाळून असते. हप्त्यांवर एक वस्तू घेतली, ते हप्ते फिटायच्या आत दुसरी घेतली, आणि आता आपली ओळखच ती झाली. अशा मुलाला, किंवा अशा मोठ्या माणसाला, एका प्रवचनाने मोकळं करता येत नाही. तिथे धीर लागतो, सोबत लागते, वेळ जाऊ द्यावा लागतो.

"मोठ्या माणसाला" असं मुद्दाम लिहिलं. कारण हे श्लोक वाचून पोरांकडे बोट दाखवायचा मोह आपल्याला होतो. लग्नसराईत सोन्याचा भाव दिवसातून चारदा पाहणं, नवी गाडी दारात आली की जुन्या गाडीची लाज वाटणं, हीसुद्धा तीच धूळ. नावं फक्त वेगळी.

मग प्रश्न असा : नवीन वस्तूचा आनंद होणं हेच पाप आहे का? माझं उत्तर, नाही. आणि ते दृष्टांतातच आहे. नीट पाहा. झाकलेलं काय आहे? अग्नी, आरसा, गर्भ. तिन्ही शुभ. धूर आहे म्हणून कोणी चूल मोडत नाही, धूळ बसली म्हणून आरसा फेकत नाही. त्या मुलाच्या उत्साहाखाली एक चांगली गोष्ट झाकलेली आहे, तिचं नाव विस्मय. टपाल तिकिटाएवढ्या जागेत ९,२०० कोटी बारीक कळा बसवणं ही काही लहान विद्या नाही. एन्व्हिडियाचं काम पुण्यातही चालतं. अशी विद्या पाहून मान झुकलीच पाहिजे. पुढे दहाव्या अध्यायाच्या शेवटाकडे भगवंत सांगतातच, की जिथे जिथे काही थोर, तेजस्वी दिसेल ते माझ्याच तेजाच्या अंशातून आलं आहे असं समज.

विस्मय आणि हाव यातला फरक ओळखायचा कसा? गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवस्थान आहे. तिथल्या भिंतींवरचं कोरीवकाम पाहून माणूस उभा राहतो तो राहतोच. पण "ही मूर्ती उचलून माझ्या घरी नेली पाहिजे" असं कोणाच्या मनात येत नाही. आणि तिथून परत आल्यावर आपल्या देव्हाऱ्यातली छोटी पितळी मूर्ती कोणाला कमी वाटत नाही. उलट दिवा लावताना ती जास्त जवळची वाटते. हीच खूण. विस्मय हातातलं आहे ते शिळं करत नाही. हाव करते.

आता ती कधी न भरणारी आग. आपल्या गावात हा शब्द नुसता उपमेचा राहत नाही. ५०९० हे एक कार्ड पूर्ण जोरात ५७५ वॅट वीज घेतं. आपल्या खिडकीतला कूलर दोनशे वॅटच्या आसपासचा, म्हणजे जवळजवळ तीन कूलर. रोज चार तास चाललं तर २.३ युनिट. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा धरा, तर रोज पावणेदोन किलोच्या घरात कोळसा गेला. तो कुठे जळतो? महानिर्मितीचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आपल्या दारात आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरचं नाव घातलं, ते आपण विसरलो नाही. मुंबई-पुण्याच्या खोलीत जे चित्र झळकतं, त्याच्या राखेचा काही वाटा आपल्या आरशावर बसत असेल. दोष एकट्या खेळणाऱ्याचा नाही; आपले एसी, आपल्या लग्नातली रोषणाई, सगळं त्याच भट्टीतून येतं. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना ज्याला ही आग अंगावर कळते, त्याने तरी "अजून थोडं पाहिजे" म्हणताना क्षणभर थांबावं.

पुढच्या श्लोकांत भगवंत उपाय सांगतात, सुरुवात इंद्रियांपासून कर. आपल्या काळात ते इंद्रिय बहुतेक वेळा अंगठा आहे, मोबाईलवर फिरणारा.

आजचा संकल्प : घरातली एक जुनी, चालू वस्तू हातात घ्या. रेडिओ, सायकल, मिक्सर, कार्ड, काहीही. ती पुसा, वापरा, तिने आजवर काय दिलं ते आठवा. त्यानंतरही नवीन पाहिजे असं वाटलं तर शांतपणे घरात बोला, आणि किंमत घामात मोजा. मुलांनी नवीन यंत्राबद्दल सांगितलं तर आधी पूर्ण ऐकून घ्या. त्यांच्या विस्मयाला फुंकर घाला, विझवू नका.

प्रार्थना : हे पांडुरंगा, तुझ्या विद्येचं कौतुक आमच्या डोळ्यांत राहू दे. हातात आहे ते शिळं होऊ देऊ नको. रोज थोडी धूळ बसेल, रोज थोडी पुसण्याची बुद्धी दे.

उद्याचं वाचन : अध्याय ३, श्लोक ४० ते ४३.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥