ओरडू का?

परवा नात इंग्रजीचा गृहपाठ घेऊन माझ्यासमोर बसली. "आजोबा, सहा शब्द आहेत. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा."

"विचार."

"फिअर."

"भीती."

"फ्राइट."

"भीतीच."

"टेरर? हॉरर? पॅनिक?"

"सगळ्यांचा अर्थ भीती."

"आणि अलार्म?"

"घड्याळ!" मी ठासून सांगितलं. निदान एक तरी वेगळा निघाला याचा मला आनंद झाला होता. पण पोरगी हुशार. म्हणाली, "मग एकाच भीतीला इंग्रजांनी पाच शब्द कशाला केले? इतके भित्रे होते का ते?"

इंग्रज भित्रे असते तर दीडशे वर्षं आपल्या उरावर कशाला बसले असते? पण हे तिला सांगून गृहपाठ पुरा होणार नव्हता. शेवटी चष्मा पुसून जाडजूड कोश काढला. कोशाचं एक असतं, एक शब्द बघायला जावं आणि तास दीड तास तिथंच मुक्काम पडावा. सौ. दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही चहा निवले.

पॅनिक हा शब्द पॅन नावाच्या ग्रीक देवावरून आला. बकऱ्याचे पाय असलेला हा धनगरांचा देव रानात कुठंतरी लपून राहायचा आणि कळपांना नि वाटसरूंना विनाकारण घाबरवून सोडायचा. म्हणजे कारण दिसत नाही तरी सगळे धावत सुटतात, ती भीती पॅनिक. दादर स्टेशनवर गाडी ऐन वेळी दुसऱ्या फलाटावर येत असल्याची घोषणा झाली की हा देव आजही जागृत आहे असं दिसतं.

हॉररची गंमत त्याहून मोठी. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ केस ताठ उभे राहणं. आणि आपल्या संस्कृतातला 'हर्ष' त्याचाच सख्खा चुलतभाऊ! अंगावर काटा येणं, एवढाच मूळ अर्थ. तो काटा भीतीचा की आनंदाचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला रोमहर्ष होतो तो काही आनंदानं नव्हे. अठराव्यात संजयाला होतो तो मात्र आनंदानं.

टेररचं नातं तर थेट घरातच निघालं. संस्कृतात 'त्रास' म्हणजे भीतीनं थरथरणं. त्याच धातूच्या घराण्यातला टेरर. इंग्रजांनी त्याचं दहशतीपर्यंत प्रमोशन केलं आणि आपण मराठी माणसांनी त्याला पार कारकून करून टाकला. पित्ताचा त्रास, डासांचा त्रास, 'उगाच त्रास घेतलात' म्हणत घेतलेला लाडवांचा डबा. ज्या शब्दानं थरथरायचं, तो शब्द आपण पाहुण्याच्या तोंडी चहाबरोबर दिला.

आता अलार्म. हा मूळचा इटालियन शिपायांचा ओरडा. 'शस्त्रं घ्या!' एवढाच त्याचा अर्थ. रोज पहाटे साडेपाचला उशाशी कोणी 'शस्त्रं घ्या' म्हणून किंचाळत असेल, तर माणूस दात घासायला उठताना मारक्या चेहऱ्यानं का उठतो ते कळतं. आपल्याकडे त्यालाच गजर म्हणतात. गजर म्हणजे टाळमृदंग, हरिनाम. त्यामुळेच बहुधा गजर झाला की आपण डोळे मिटून घेतो.

सायरनला आपण भोंगा म्हणतो. गिरणगावात अवघं आयुष्य भोंग्यावर चालायचं. पण ग्रीक पुराणातल्या मूळच्या सायरन बायका भलत्याच होत्या. गोड गाऊन खलाशांना खडकांवर ओढून आणायच्या. 1819 साली कान्यार द ला तूर या फ्रेंच माणसानं आवाजाचं एक यंत्र केलं, ते पाण्याखालीसुद्धा वाजायचं, म्हणून त्याला त्या पाणगायिकांचं नाव दिलं. संकटाकडे बोलावणाऱ्या बाईचं नाव संकटापासून पळवणाऱ्या यंत्राला मिळालं. सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पुरुषांनीच ठेवलं असणार."

इथवर सगळी करमणूकच होती. पण मग मला सहज वाटलं, खोट्या अलार्मला मराठीत काय म्हणतात? आणि शब्दांची रांग लागली: हूल, आवई, कंडी, वावडी, भुमका. एकाहून एक चविष्ट. मग खऱ्या अलार्मला काय म्हणतात ते शोधू लागलो. इशारा? तो हल्ली फक्त पुढारी एकमेकांना देतात. धोक्याची घंटा? ती इंग्रजीतून भाषांतर होऊन आल्यासारखी वाटते. अस्सल घरचा शब्द उरला तो बोंब. तीही मारायची, नाहीतर ठोकायची. म्हणजे ओरडणारा खोटा ठरला तर त्याला पाच नावं, आणि खरा ठरला तरी तो बोंबल्याच! आपल्या भाषेनं लांडग्याच्या गोष्टीत मुलाच्या विरुद्ध आणि गावाच्या बाजूनं निकाल देऊन टाकला आहे.

ती गोष्ट मी पोरांना शेकडो वेळा सांगितली. दोनदा खोटं ओरडला, तिसऱ्यांदा कोणी आलं नाही, तात्पर्य खोटं बोलू नये. पण तिसऱ्यांदा मुलगा खरं बोलत होता. त्या दिवशी चूक गावाची होती. आणि कोकरं तरी कोणाची होती? गावाचीच. मुलाची अद्दल गावानं स्वतःच्या कोकरांनी भरली. हे तात्पर्य कोणी सांगत नाही, कारण गोष्ट सांगणारे आपण गावातले असतो.

पुण्याची आमची आत्या 12 जुलै 1961 ची हकीकत सांगायची. पानशेतचं धरण फुटलं त्या सकाळी एक सायकलवाला गल्लीतून "पाणी येतंय, निघा" असं ओरडत गेला. आत्याचे सासरे ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "काहीतरी कंडी पिकवलीय." आत्यानं मात्र पोरं काखेत मारली आणि चढाच्या बाजूला चालू लागली. सासरे मागून आले, रागावून का होईना, म्हणून वाचले. त्या सायकलवाल्याची खात्री होती की नव्हती, आत्याला कधी कळलं नाही. "खात्री करायला थांबला असता तर सायकल वाहून गेली असती," एवढंच ती म्हणायची.

हे सगळं मी मोठ्या शहाणपणानं सांगतो आहे खरा, पण आमच्या सोसायटीचा ठराव माझ्याच अक्षरात आहे.

त्याचं असं झालं, आमचा वॉचमन एका रात्री "चोर, चोर" ओरडला, ते मांजर निघालं. महिन्याभरानं पुन्हा ओरडला, तो तिसऱ्या मजल्यावरचा चिरंजीव निघाला. किल्ली विसरल्यामुळे पाइपावरून चढत होता. चोवीस कुटुंबांची झोपमोड! सभा भरली, आवाज चढले आणि ठराव झाला: 'वॉचमनने खात्री करूनच ओरडावे.' इतिवृत्त मी लिहिलं, सुवाच्य.

पावसाळ्यातल्या एका रात्री दोनच्या सुमारास माझ्या दारावर अगदी हळू टकटक झाली. दार उघडलं तर वॉचमन. हात जोडून, खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, जिन्याखाली जळका वास येतोय. ओरडू का?"

इतक्या अदबीनं विचारलेला प्रश्न मी जन्मात ऐकलेला नाही. आणि मी काय म्हणालो? "थांब. आधी मी बघून येतो." चष्मा शोधला, चपला शोधल्या. खाली गेलो तर मीटरच्या बोर्डातून धूर येत होता आणि वायरींचं प्लास्टिक मेणासारखं टिपकत होतं. आता तरी ओरडावं की नाही? पण माझ्या मनात आलं, बोर्ड आपोआप विझला तर? चोवीस कुटुंबं पायजम्यात बाहेर येऊन माझ्याकडे बघतील. मी वर जाऊन अध्यक्षांची बेल वाजवली. एकदाच, त्यांना त्रास नको म्हणून. इथं त्रासचा मराठी अर्थ.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडलं, धूर पाहिला आणि कोणताही ठराव न वाचता जी बोंब ठोकली, ती पलीकडच्या बिल्डिंगपर्यंत गेली. दोन मिनिटांत सगळे खाली. कोणी मेन स्विच बंद केला, कोणी वाळूची बादली ओतली. सहा मीटर जळाले, बाकी निभावलं. आजींना गुडघ्यामुळे जिना उतरणं जड जातं, पण ओरडायला गुडघे लागत नाहीत.

पुढच्या सभेत ठराव दुरुस्त झाला. आता तो असा आहे: 'वॉचमनने शक्यतो खात्री करून ओरडावे.' 'शक्यतो' मी सुचवला आणि तो एकमतानं मंजूर झाला.

गेल्या आठवड्यात रात्री पुन्हा आरोळी आली. धडपडत गॅलरीत गेलो. "काय आहे रे?"

"मांजर, साहेब."

बरं केलंस ओरडलास, असं म्हणायचं मी मनाशी किती दिवस ठरवून ठेवलं होतं. पण रात्री पावणेतीन वाजता तोंडातून निघालं ते भलतंच, आणि ते त्यानंही ऐकलं, आजींनीही.