ग्रुपवर टाकलंय

संध्याकाळी साडेसात झाले की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सहावीतली एक मुलगी सारखी दाराकडे बघायला लागते. वडिलांची वाट बघत असेल, असं मला आधी वाटायचं. ती वाट बघत असते फोनची. वडील गवंडीकाम करतात. घरात फोन एकच, आणि कामाची बोलावणी त्याच्यावरच येत असल्याने तो दिवसभर त्यांच्या खिशात असतो. आठच्या सुमारास ते येतात आणि दारातूनच फोन तिच्या हातात देतात. बॅटरी संपत आलेली, काचेवर सिमेंटची पूड. ती ओढणीने काच पुसते, वर्गाचा ग्रुप उघडते आणि ‘ओके मॅडम’, ‘थँक यू मॅडम’ यांची रांग मागे टाकत गृहपाठाच्या फोटोपर्यंत पोचते. फोटो बहुतेक वेळा तिरका असतो. दोन बोटांनी मोठा करायचा, एक ओळ वहीत उतरवायची, पुन्हा मोठा करायचा, पुढची ओळ शोधायची. दिवसाचा डेटा संपला असेल तर फोटोच्या जागी नुसता धुरकट चौकोन दिसतो.

“शाळेतच का नाही उतरवून घेत?” मी एकदा विचारलं.

“ताई, मॅडम फळ्यावर लिहीतच नाहीत. म्हणतात, ग्रुपवर टाकलंय.”

ते दोन शब्द डोक्यात राहिले. मुलाच्या घरी काय असेल, हे शाळेने किती गृहीत धरायचं, या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, आणि तो बराच काळ वेगळ्या दिशेने चालला होता.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत असते. पण गरिबांची मुलं शाळेत का येत नाहीत, याचं कारणही त्यांनी तिथे सांगितलं आहे. ती गुरं राखतात, शेतात राबतात. म्हणून नुसती शाळा उघडून भागणार नाही, शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. घराची अडचण ही शाळेने सोडवायची गोष्ट आहे, असा विचार त्यात आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. सक्ती केली, पण फी घेतली नाही. हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. दरबार पालकाकडून एकच गोष्ट मागत होता, मूल. बाकीची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली होती.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. ज्या मुलाच्या घरी दिवा नाही, जागा नाही, दोन वेळचं जेवण नाही, त्याला त्यांनी घरच दिलं, आणि तेही सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तर त्याच्याही पुढे गेल्या. बोर्डीला १९४५ साली सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी मुलांना गुरं सोडून वर्गात येता येईना, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षिका जाणार, झाडाखाली मुलांना शिकवणार आणि गुरांवरही लक्ष ठेवता येणार. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने उठायचं आणि चालू लागायचं, इतकी ती साधी गोष्ट होती.

यंत्रं आली तेव्हाही हाच विचार टिकला होता. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा ‘साइट’ प्रयोग झाला, तो सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण टीव्ही संच कुठे ठेवले ते बघण्यासारखं आहे. ते ठेवले शाळेत, पंचायतीत, गावाच्या सामाईक जागी. गावकऱ्यांनी आधी टीव्ही घ्यावा आणि मग मुलांना शिकवू, असं कोणी म्हटलं नाही. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले तेव्हाही मला काही खटकलं नव्हतं. कोड स्कॅन केला तर व्हिडिओ दिसेल, नाही केला तरी पान पूर्ण आहे. जोड द्यायला काहीच हरकत नसते.

मग मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही त्या वेळची घोषणा. त्या दिवसांतल्या शिक्षकांबद्दल मी वावगा शब्द काढणार नाही. दुसरा मार्ग नव्हता आणि अनेकांनी स्वतःच्या पैशाने रिचार्ज मारून शिकवलं. पण देशाची स्थिती कागदावर होती. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार इंटरनेटची सोय असलेली घरं देशभरात २४ टक्के, ग्रामीण भागात १५ टक्के. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२० च्या अहवालात ग्रामीण विद्यार्थ्यांपैकी ६२ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला, आणि तरी पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं साधारण एक-तृतीयांश होती. कोकणात आणि सातपुड्यात मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती. कोसबाडच्या टेकडीवर शाळा मुलांकडे चालत गेली होती. आता मुलं टेकडी चढून शाळा शोधत होती.

त्याच वर्षी सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. अक्षरं, गणितं, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या. मुलांनी अंतर ठेवून गल्लीत उभं राहायचं आणि वाचायचं. ना रिचार्ज, ना पासवर्ड. भिंत सगळ्यांना सारखीच दिसते.

मी त्या काळात जुने फोन गोळा करत होते. ओळखीच्यांकडून अकरा फोन मिळाले, दुरुस्त करून वाटले. फोन दिला की प्रश्न मिटला, असंच मला वाटत होतं. चार महिन्यांनी चौकशी केली तेव्हा सहा फोन घरातल्या कर्त्या माणसाकडे किंवा मोठ्या मुलाकडे गेलेले, दोन गहाण, एकाची काच फुटलेली. मला वाईट वाटलं, पण राग कुणाचाच आला नाही. ज्या घरात कामाचा निरोप चुकला तर चूल पेटत नाही, तिथे फोन मुलीच्या दप्तरात कसा राहणार? मी वस्तू दिली होती. महिन्याचा रिचार्ज, चार्जिंगची जागा, घरातला तिचा हक्क, यातलं काहीच मी देऊ शकत नव्हते.

शाळा पुन्हा उघडल्या. फळा आला, बाक आले, घंटा आली. ग्रुप मात्र तसेच राहिले. यापुढे गृहपाठ फोनवरच द्यायचा, असा निर्णय आमच्या भागात तरी कोणी बैठक घेऊन केला नाही. आणीबाणीत घेतलेली सवलत सवय झाली आणि सवयीचा नियम झाला. आता प्रकल्पाची चित्रं ‘नेटवरून काढून आणा’, सहलीची सूचना ग्रुपवर, सुट्टीची सूचना ग्रुपवर. दुर्बल घटकांसाठी खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांचा अर्जसुद्धा ऑनलाइन, तो भरायला बाई एक दिवसाची रोजंदारी बुडवून नेटकॅफेत बसते.

आता तर जवळपास सगळ्यांकडे नेट आहे, असं म्हणणारे भेटतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. २०२५ च्या सरकारी पाहणीत इंटरनेट असलेली घरं ८६ टक्क्यांवर गेली आहेत. पण उरलेली १४ टक्के घरं कुठल्या वस्तीत असतील ते सांगायला नको, आणि ८६ मध्ये माझ्या अभ्यासिकेतली ती मुलगीही मोजलेली असणार. तिच्या घरी नेट आहे. ते रात्री आठला येतं आणि सकाळी सातला कामावर जातं. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के आहेत. घरातलं नेट मुलांच्या हाती पोचायला आणखी एक उंबरा ओलांडावा लागतो, आणि मुलींचा उंबरा उंच असतो.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३ मी नीट वाचलं. प्राथमिक शिक्षण घेताना आणि पूर्ण करताना मुलाच्या आड येईल अशी फी, आकार किंवा खर्च त्याच्यावर पडता कामा नये, असं ते सांगतं. त्यात ‘खर्च’ हा शब्द मुद्दाम आहे. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शाळा ऑनलाइन शिकवत असेल तर दुर्बल घटकातल्या मुलांना साधन आणि इंटरनेट तिनेच पुरवावं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मला त्यातला विचार पटतो. गणवेश आणि पाठ्यपुस्तक मोफत द्यायचं आणि त्या पुस्तकातला गृहपाठ महिन्याच्या रिचार्जमागे ठेवायचा, हे फुले-शाहूंचं नाव घेणाऱ्या राज्यात मला मान्य होत नाही.

मी शाळेत जाऊन बोलले. वर्गशिक्षिकेने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्याकडे एका वर्गात अठ्ठावन्न मुलं आहेत, वर माहिती भरायची पोर्टलं आहेत. फळ्यावर लिहिलं तर उतरवून घेण्यात पंधरा मिनिटं जातात, म्हणाली. ती पंधरा मिनिटं तिच्याकडे खरंच नाहीत, हेही मला दिसलं. फळ्याचं बघते, म्हणाली.

तोवर अभ्यासिकेत आम्ही एक सोय केली आहे. ज्यांच्या घरी दुपारी फोन असतो त्यातला सातवीचा एक मुलगा साडेपाचला येतो. सहावीतल्या बहिणीच्या आणि स्वतःच्या वर्गाचा गृहपाठ कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो. परवा ती मुलगी सव्वासातला वही मिटून बसली होती. वडील आले, सवयीने फोन पुढे केला. “राहू दे बाबा, झालं,” म्हणाली, आणि फोन चार्जिंगला लावायला घेऊन गेली.