टाळूतली किल्ली

माझी धाकटी नात रोह्याला असते. नऊ वर्षांची. वरचा जबडा अरुंद, त्यामुळे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात आणि पोर जबडा एका बाजूला सरकवून चावते. डॉक्टरांनी टाळूला एक्सपांडर लावला: दाढांना कड्या आणि मधोमध बारीक स्क्रू. रात्री माझी मुलगी तिला 'आ' करायला लावते, टॉर्च धरते, स्क्रूच्या भोकात तारेची किल्ली घालून घशाच्या दिशेने ढकलते. एका वेळी साधारण पाव मिलिमीटर. थोड्याच दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडली, म्हणजे टाळूच्या मधला सांधा उघडला. आता त्यात हाड भरेपर्यंत ते यंत्र काही महिने तोंडातच राहणार.

शेजारी म्हणाले, "देवाने दिलेला जबडा, त्यात आपण कशाला हात घालावा?" हा आक्षेप मला जड वाटत नाही. तान्ह्या बाळाचे कान आपण सोनाराकडून टोचून घेतो. कर्णवेध तर सोळा संस्कारांत मोजतात.

माझं अडतं ते दुसरीकडे. मी पेणचा, हयात गणपती घडवण्यात गेली. शाडू ओला आहे तोवर सोंड वळते. सुकल्यावर जोर केला की तडा. टाळूचा सांधाही वयात येताना जुळत जातो, मग नुसत्या स्क्रूने भागत नाही. इथवर जमतं. पण मूर्तीत प्राण येतो तो आमची डोळ्यांची आखणीसुद्धा उरकल्यावर, चतुर्थीला, यजमानाच्या घरी. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही. मग मूर्तिकाराची काय कथा! नातीत प्राण आधीचा आहे आणि घडवायला आम्ही नंतर बसलोय. कोणत्या अधिकाराने?

ती कळती होईपर्यंत थांबावं, तर सांधा थांबत नाही. काही न करणं हाही निर्णयच, तोही आमचाच. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन अँजेलने एका चौदा वर्षांच्या मुलीची टाळू अशीच स्क्रूने रुंदावली, तेव्हा हाड खरंच उघडतं का यावर दंतवैद्यांत वाद झाला. वाद हाडाचा होता, मुलीच्या मर्जीचा नव्हे. आणि इथे आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी आजन्म ब्रह्मचर्याचा संकल्प केला तो दहाव्या वर्षी! त्या पोराचा निर्णय आपण पूज्य मानतो आणि घरातल्या पोरीला 'आ कर' एवढंच सांगतो.

गेल्या खेपेला ती म्हणाली, "आबा, आज तू फिरव." किल्ली बसवून मी विचारलं, "फिरवू?" तिने हाताने थांबवलं, थुंकी गिळली, मग बोट वर केलं. मुलीला हे कौतुक पटलं नाही. "आणि नको म्हणाली असती तर, बाबा? किल्ली खिशात घालून पेणला गेला असतात?"

नसतो गेलो. समजूत काढून, उद्यावर ढकलून, पण फिरवलीच असती. पोरीला नीट चावता आलं पाहिजे. नुसतं फोटोत हसू छान यावं म्हणून असतं, तर मात्र तिच्या एका 'नको'वर किल्ली खिशात गेली असती.