दीपमाळ आणि दीपगृह

दिवा कोणासाठी लावावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या सामाजिक आचरणाची कसोटी त्यातच आहे. गौलीगुड्यासारख्या समुद्रापासून दूरच्या वस्तीत राहणारी आपली मंडळी कुलदैवताच्या दर्शनास गोमंतकात जातात, मंगेशीची सात मजली दीपमाळ डोळे भरून पाहतात आणि जमल्यास आग्वादचे जुने दीपगृहही पाहून येतात. दोन्ही ठिकाणी दिवाच. मात्र दोहोंचा धर्म एक नाही, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

दीपमाळ म्हणते, ‘जवळ या.’ दीपगृह म्हणते, ‘येथे खडक आहे, दूर रहा.’ दीपमाळेच्या उजेडात आलेला माणूस आपल्याला दिसतो, ओळखता येतो. दीपगृहाच्या उजेडाने कोण वाचले, हे दिवा लावणाऱ्यास कधीच कळत नाही. खडकावर न आपटलेल्या गलबताची नोंद कोणत्याही वहीत होत नसते. ‘दिव्याखाली अंधार’ असे आपण दोष दाखविण्यासाठी म्हणतो. दीपगृहाच्या बाबतीत तीच त्याची थोरवी ठरते.

थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटाचे उदाहरण घ्यावे. १६७९ साली शिवछत्रपतींनी तेथे तटबंदीस आरंभ केला, तेव्हा इंग्रज व सिद्दी यांची आरमारे तिच्यावर चालून आली. परक्या जहाजांना धाक बसविण्यासाठी उभ्या राहिलेल्या त्याच बेटावर १८६७ साली दीपगृह उजळले. आग्वादलाही पोर्तुगीजांचा किल्ला १६१२ सालचा, तर दीपगृह १८६४ सालचे. परकीय सत्तांनी हे दिवे आपल्या व्यापाराच्या सोयीसाठी लावले, हे उघड आहे. पण एकदा लावल्यावर ते कोळ्याच्या होडीलाही तितकेच स्पष्ट दिसू लागले. तट शत्रू आणि मित्र निवडतो. उजेडाला निवड करता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की दीपगृहे फुकट चालत नाहीत. खरे आहे. १९२७ च्या कायद्याने बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर दीपगृहांसाठी कर बसविला आणि त्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या कायद्यातही तशी तरतूद आहे. तेलवातीचा खर्च कोणी तरी उचललाच पाहिजे. परंतु जे जहाज आपल्या बंदरात न शिरता किनाऱ्यावरून पुढे जाते, ते काहीच देत नाही. म्हणून त्याच्यापुरता दिवा कोणी मालवीत नाही. हिशेब दिवसा करावा. दिवा लावतेवेळी करू नये.

याची साक्ष शोधण्यास समुद्रापर्यंत जाण्याचेही कारण नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा आपल्या शेजारच्या अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, असे सांगतात. त्या झाडाने फांदीला हात घालणाऱ्याची जात अथवा भाषा विचारली नाही. अर्थात झाडाला विचारताच येत नव्हते. माणसाला विचारता येते, आणि येत असूनही त्याने विचारू नये, यात त्याचे माणूसपण आहे.

या शहरात मराठी आणि कोंकणी कुटुंबांनी एकमेकांना आधार दिला, उत्सव राखले, आपल्या भाषा घरात जिवंत ठेवल्या. ही आपली दीपमाळ आहे आणि ती उजळत राहिलीच पाहिजे; परमुलुखात आपल्या माणसाला ‘जवळ या’ म्हणणारे कोणी तरी हवेच. परंतु देवळाच्या निधीतून पुस्तके, औषधे वा शाळेची फी देताना आपण नेहमी आपलीच यादी का चाळावी? पलीकडच्या गल्लीतील तेलुगू अथवा उर्दू बोलणारे मूल आपल्या बंदरात कधीच येणार नाही, वर्गणीही देणार नाही. खडक मात्र त्याच्याही वाटेत आहेत.

येत्या त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेवर पणत्या मांडताना कार्यकारी मंडळींनी निधीचा एखादा लहानसा वाटा अशासाठी बाजूला काढावा, ज्याचे नाव आपल्या यादीत नाही आणि ज्याचे आभार आपल्यापर्यंत पोहोचणार नाहीत. रक्कम थोडी असली तरी चालेल. ती देताना नाव न विचारण्याची सवय तेवढी लागली पाहिजे.