फिरती करवत आणि अहिंसा

मराठवाड्यातील सिरसाळ्यासारख्या कोरड्या मुलखात, वावटळीने उन्मळून पडलेल्या बाभळीसाठी कोणी घरच्या घरी फिरती करवत रचू लागला, म्हणजे दोन मोटारचाकांवर पोलादी पट्टा ताणून, खाली लोखंडी अँगलचे रूळ टाकून, त्यांवर सरकत्या गाड्यात जुने इंजिन बसवू लागला, तर त्याच्या कर्माला हिंसा म्हणावे काय? (उभा आंबा वा चिंच तोडायची, तर 1964 च्या कायद्यान्वये परवानगीचा कागद लागतोच, पण तो काही पुण्याचा दाखला नव्हे.) ज्ञानदेवांनी शके 1212 च्या आपल्या ग्रंथात, तेराव्या अध्यायी अहिंसेचे निरूपण करताना, फांद्या तोडून त्यांचेच बुंध्याला कुंपण घालणाऱ्याचा दृष्टांत दिला, औषधासाठी वृक्ष समूळ उपटणाऱ्या वैद्यकालाही त्यांनी सोडले नाही. आता या यंत्राची गंमत अशी, की ओंडका जागचा हलत नाही, करवतच त्याच्याकडे चालत जाते. आणि पट्टा पातळ असल्यामुळे गोल करवतीपेक्षा भुसा पुष्कळ कमी पडतो. ही काटकसर मला अहिंसेची बहीण वाटते, सख्खी मात्र नव्हे. पट्टा बोथटला, की फळी लाटेसारखी वाकडी निघते. मग इंजिन बंद करून, तांबूस भुशात मांडी घालून, माणूस कानशीने एकेक दात घासत बसतो.