आपल्या शेजाऱ्याला आपले भय नसावे

निर्भयता ही अल्लाहची फार मोठी देणगी आहे. आदरणीय प्रेषित इब्राहीम (अ.) यांनी मक्केसाठी प्रार्थना केली, तेव्हा त्या नगरीत आधी शांतता मागितली आणि नंतर तेथील रहिवाशांसाठी फळफळावळ मागितली. सूरह कुरैशमध्ये अल्लाहने कुरैशांना आपल्या उपकारांची आठवण करून दिली आहे. तेथे भुकेल्याला अन्न आणि भयभीताला अभय, ही दोन्ही दाने शेजारी-शेजारी आली आहेत. भरल्या ताटावर बसलेल्या माणसाचे लक्ष दाराच्या कडीकडे लागलेले असेल, तर त्याला घास गोड कसा लागणार?

वाचकहो, पवनानगरचा विचार करा. पवना धरण, तुंग-तिकोन्याचे डोंगर, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून येणारी वाहने, जलाशयाकाठचे तंबू आणि आठवडाभर कुलूपबंद राहणारे बंगले. अशा गावात सुरक्षिततेची चर्चा निघाली की बोट आपोआप परक्याकडे वळते. बाहेरून कोण आले, कोणत्या गाडीतून आले, रात्री कोठे थांबले, याची विचारपूस होते. ही सावधगिरी निरर्थक नाही. परंतु याच पवन मावळातील कोथुर्णे गावात ऑगस्ट २०२२ मध्ये सात वर्षांच्या एका निष्पाप मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला, तेव्हा अपराधी बाहेरगावचा निघाला नाही. तो शेजारचाच होता. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल त्याच्या आईलाही कारावास दिला.

या घटनेतील दोन गोष्टी प्रत्येक घराने मनाशी धरून ठेवाव्यात. पहिली ही, की घात शेजारातून झाला. दुसरी ही, की अपराध झाल्यावर त्यावर पांघरूण घालणारा हात घरचाच होता.

पहिल्या गोष्टीविषयी इस्लामची शिकवण अत्यंत कठोर आहे. ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी सुरक्षित नाही, तो ईमानधारकच नव्हे, असे आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अल्लाहची शपथ घेऊन सांगितले, आणि तेही एकदा नव्हे, तीनदा. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा, की दहा घरांत चोरी करण्यापेक्षा एका शेजाऱ्याच्या घरी चोरी करणे अधिक मोठे पाप आहे. असे का? कारण शेजारी आपल्यापासून दार लावून घेत नाही. त्याची मुले आपल्या अंगणात खेळतात, आपल्या हातून खाऊ घेतात. शेजाऱ्याचा घात करणारा त्या विश्वासाचाच खून करतो. हा हक्क केवळ मुस्लिम शेजाऱ्याचा आहे, असे कोणी समजू नये. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पोहोचला की नाही, याची त्यांनी पुन्हा पुन्हा चौकशी केली होती.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आईचे काळीज आपण सारे जाणतो. पण दिव्य कुरआनने सूरह निसामध्ये श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा दिली आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या अथवा नातलगांच्या विरोधात का जाईना. मक्केच्या मखजूम घराण्यातील एका स्त्रीने चोरी केली, तेव्हा तिच्यासाठी रदबदली करण्यास प्रेषितांचे लाडके उसामा (रजि.) यांना पुढे करण्यात आले. प्रेषितांना ते सहन झाले नाही. आपली कन्या फातिमा (रजि.) हिने चोरी केली असती तरी तिला तीच शिक्षा दिली असती, असे त्यांनी सर्वांसमोर स्पष्ट केले.

येथे कोणी विचारील, की इस्लामने दुसऱ्याचे दोष झाकण्यास सांगितले नाही काय? अवश्य सांगितले आहे. मात्र ते अशा चुकीसाठी, जिचा भार करणाऱ्याच्याच माथी राहतो. ज्या कृत्यात दुसऱ्याचा जीव, अब्रू अथवा धन लुटले जाते, ते झाकणे म्हणजे जुलमात भागीदार होणे होय. जुलमी भावालाही मदत करा, अशी प्रेषितांची शिकवण आहे. आणि ती मदत म्हणजे त्याचा हात धरणे, असा तिचा खुलासाही त्यांनीच केला आहे.

याचा अर्थ प्रत्येकाकडे संशयाने पाहावे, असा नाही. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे आणि संशय व हेरगिरी यांची मनाई आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसे ठार मारली. परक्याला पुराव्याविना अपराधी ठरवणे आणि आपल्याला पुरावा असूनही निरपराध ठरवणे, हे दोन्ही अन्यायच आहेत.

म्हणून आपल्या घरापासून प्रारंभ करावा. मुलगा कोठे जातो, मोबाइलवर काय पाहतो, नशेच्या आहारी तर गेला नाही ना, हे पित्याने विचारावे. मूल एखाद्या ओळखीच्या माणसाकडे जाण्यास नकार देत असेल, तर त्याला दटावू नये. त्याचे ऐकून घ्यावे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानेही गुन्हा आहे. बालकांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक मशिदीच्या फलकावर, शाळेत व दुकानात ठळकपणे लावावेत. घराण्याची अब्रू गप्प बसण्याने राखली जात नाही.

न्यायालय शिक्षा देऊ शकते, पण गेलेले लेकरू परत आणू शकत नाही. जिवंत पुरलेल्या मुलीला कोणत्या अपराधासाठी मारले गेले, याची विचारणा कयामतच्या दिवशी होणार असल्याचे दिव्य कुरआन सांगतो. त्या दिवशी मारणाऱ्याबरोबर झाकणाराही उत्तरदायी असेल. त्याचबरोबर एक जीव वाचवणे हे साऱ्या मानवजातीला वाचवण्यासारखे आहे, हे आश्वासनही त्याच ग्रंथात आहे. आपल्या वस्तीत हे पुण्य मिळवण्याची संधी रोज आपल्या दाराशी असते.

अल्लाह आमच्या जिभेपासून व हातापासून आमच्या शेजाऱ्यांना सुरक्षित ठेवो, आप्तांच्या प्रेमापोटी सत्य लपवण्यापासून आम्हाला वाचवो आणि प्रत्येक घरातील लेकरांना आपल्या संरक्षणात ठेवो. आमीन.