शरणागतीची कलमे

मराठी माणसाला लढाया पाठ असतात, तह परीक्षेपुरते आठवतात आणि शरणागतीचे कागद तर कोणी उघडूनही पाहत नाही. हरणाऱ्याने हरताना काय लिहून घेतले, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. हरला, संपले. काशीतला अमृतराव घाट या समजुतीच्या आड येतो. नारद घाटाला लागून असलेला आणि आता राजा घाट या नावाने ओळखला जाणारा हा घाट अमृतराव पेशव्यांनी दगडात बांधून काढला. ब्राह्मणांसाठी, विद्यार्थ्यांसाठी तिथे त्यांचे अन्नछत्र चाले. या सगळ्याचा खर्च निघे तो १८०३ साली इंग्रजांपुढे शस्त्र ठेवताना ठरवून घेतलेल्या पैशातून. म्हणजे एका अर्थी हा घाट एका करारनाम्यावर उभा आहे. तो करारनामा नीट वाचला, तर शरणागती या गोष्टीबद्दल आपण फार ढोबळ विचार करतो असे लक्षात येते.

अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तकपुत्र. जन्माने भुस्कुटे. दत्तविधान झाले तेव्हा राघोबादादांना मुलगा नव्हता. पुढे १७७५ साली आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला आणि थोरला असूनही अमृतराव मागे पडले. सत्तेच्या अगदी जवळ, पण सत्तेबाहेर, ही जागा त्यांच्या वाट्याला कायमची आली. बाजीराव आणि चिमाजी या धाकट्या भावांबरोबर त्यांनी शिवनेरीची नजरकैद भोगली. १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाल्यावर काही काळ कारभारही पाहिला. दोघा भावांचा एकमेकांवर विश्वास मात्र कधीच बसला नाही.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने तैनाती फौजेचा तह केला. इकडे होळकरांनी अमृतरावांना जुन्नरहून पुण्यात आणले. त्यांच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसवायचे आणि कारभार अमृतरावांनी पाहायचा, असा बेत होता. त्या हिवाळ्यात होळकरी फौजेचा खर्च भागवण्यासाठी पुण्याच्या सावकारांची आणि रहिवाशांची पिळवणूक झाली. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली घोडदळ घेऊन दौडत पुण्याला पोचला, तोवर होळकर निघून गेले होते आणि अमृतरावही शहराबाहेर पडले होते. मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला.

आता अमृतरावांच्या हाती विकण्यासारखे काय उरले होते? फौज थोडी, मुलूख नाही, भाऊ वैरी. तरीही एक चीज होती: स्वतःचे नाव. रघुनाथरावांचा थोरला मुलगा होळकरांच्या छावणीत असेपर्यंत बाजीरावाला पर्यायी पेशवा मैदानात होता. शिंदे आणि भोसले यांच्याशी युद्ध तोंडावर आलेल्या वेलस्लीला तो पर्याय काढून घ्यायचा होता, आणि तोफा खर्चण्यापेक्षा पैसे खर्चणे स्वस्त पडणार होते. ऑगस्ट १८०३ मध्ये बोलणी पक्की झाली. सालीना सात लाख रुपये, स्वतः अमृतरावांना आणि त्यांच्या मुलाला. त्याच वर्षी पुढे अमृतराव वेलस्लीच्या छावणीत दाखल झाले आणि मग उत्तरेकडे निघाले. काशी आणि चित्रकूटजवळचे तरौहा-करवी ही त्यांची नवी ठिकाणे ठरली. तिथे त्यांना छोटी जहागीरही मिळाली.

सात लाख या आकड्याची किंमत कळायला पंधरा वर्षे पुढे जावे लागते. जून १८१८ मध्ये खुद्द बाजीराव, अख्खी पेशवाई हरून, असीरगडाजवळ जॉन माल्कमला शरण आला तेव्हा त्याला आठ लाख ठरले. राज्याच्या धन्याला आठ आणि राज्य कधी हाती न आलेल्या भावाला सात! शरणागतीचा भाव शरण येणाऱ्याच्या मोठेपणावर ठरत नाही. शत्रूचा किती त्रास वाचतो, यावर तो ठरतो. अमृतराव वेळेवर आले होते.

अशा व्यवहाराला त्या काळच्या इंग्रजीत एक नेमका शब्द होता: कॅपिट्युलेशन. आज त्याचा अर्थ सरसकट शरणागती असा सांगितला जातो. पण लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी ‘कॅपिट्युलम’ आहे; म्हणजे छोटे डोके, मथळा, प्रकरण. मूळ क्रियापदाचा अर्थ मुद्दे मांडणे, कलमवार लिहिणे. १५१९ साली पाचव्या चार्ल्सची सम्राट म्हणून निवड झाली तेव्हा निवडणाऱ्या राजांनी त्याच्याकडून जे अटींचे पत्र घेतले, त्यालाही हाच शब्द होता. तिथे कोणी हरलेले नव्हते. लष्करी भाषेत शब्द आला तोही याच अर्थाने: किल्ला कोणत्या कलमांवर खाली करायचा, त्याची यादी. यादी नाही तर कॅपिट्युलेशनही नाही.

मराठ्यांना हा प्रकार परका नव्हता. कौल घेऊन किल्ला देणे ही आपल्याकडची रुळलेली रीत. मे १७३९ मध्ये वसईच्या पोर्तुगीजांनी पहिल्या चिमाजी आप्पांना किल्ला दिला तो कलमांवरच. शिबंदीने शस्त्रांसह, वाद्ये वाजवत, सन्मानाने बाहेर पडावे, निघायला मुदत मिळावी, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळता यावा. महिनोन्‌महिने चाललेल्या रक्तबंबाळ वेढ्यानंतर जिंकणाऱ्याने हे मान्य केले. अमृतरावांची बोलणी पक्की होत होती त्याच दिवसांत, १२ ऑगस्ट १८०३ रोजी, अहमदनगरच्या किल्लेदाराने वेलस्लीला किल्ला दिला. त्यानेही शिबंदीची सुखरूप वाट आणि खाजगी मालमत्ता राखून घेतली. या कोणालाही आपण काही अद्‌भुत करतो आहोत असे वाटले नसेल. लढाई संपवण्याची ती एक सर्वमान्य पद्धत होती.

आणि सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घरचेच आहे. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांना तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख दिला. बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख राखला. त्या प्रसंगाला आपण शरणागती म्हणत नाही, तह म्हणतो, कारण पुढे १६७० मध्ये काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे. पण १६६५ च्या उन्हाळ्यात कागदावर पाहणाऱ्याला तो प्रचंड पराभवच दिसला असता. मग पुरंदर आणि १८०३ यांत फरक कुठे? धैर्याचा किंवा स्वाभिमानाचा फरक सांगून मोकळे होणे सोपे आहे. मला तो राखलेल्या वस्तूत दिसतो. महाराजांनी किल्ले राखले, अमृतरावांनी तनखा राखला. किल्ला आपली राखण आपणच करतो. तनखा देणाऱ्याच्या इच्छेवर चालतो, आणि ज्याच्याकडून कराराची हमी हवी तोच कराराचा अर्थ लावणारा असतो.

देणाऱ्याची इच्छा होती तोवर चित्र देखणे होते. सप्टेंबर १८२४ मध्ये बिशप रेजिनल्ड हीबर काशीत आला तेव्हा अमृतरावांच्या दानधर्माची कीर्ती त्याच्या कानावर गेली आणि त्याने ती आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. वर्षातल्या एका ठरलेल्या दिवशी ब्राह्मणांना, आंधळ्यापांगळ्यांना दान मिळे, आणि कोणी दोनदा घेऊ नये म्हणून दान घेतलेल्यांना दिवसभर बागेत थांबवून ठेवत. कराराचे महत्त्व जाणणाऱ्या माणसाचा धर्मही असा नियमबद्ध! त्याच वर्षी अमृतराव वारले. विनायकरावांनी करवीला जवळपास राजेशाही थाटात दिवस काढले, देवळे आणि विहिरी बांधल्या. दख्खनचे व्यापारी तिकडे गेले. काशीत मराठी वस्ती आधीपासून होतीच. बाजीरावाचा धाकटा भाऊ, दुसरा चिमाजी आप्पा, यालाही इंग्रजांनी तिथेच ठेवले. त्याच्याच आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका काशीत जन्मली आणि पुढे झाशीची राणी झाली.

पण कलमाची शाई किती दूर पोचते? ‘स्वतः आणि मुलगा’ एवढ्या शब्दांत दोन पिढ्या बसतात. १८५३ मध्ये विनायकराव वारले आणि तनखा थांबला. नारायणराव आणि माधवराव हे त्यांचे दत्तकपुत्र करारात नव्हते. बिठूरला ठेवलेल्या बाजीरावाच्या करारातले शब्द जास्त सैल होते: स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी. त्याचे दत्तकपुत्र नानासाहेब यांचा सगळा दावा त्या ‘कुटुंबा’वर उभा होता. बाजीराव १८५१ मध्ये वारल्यावर डलहौसीने तो दावा फेटाळला. नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन हात हलवत परतला. शब्द घट्ट असोत की सैल, निकाल एकच लागला. १८०३ मध्ये इंग्रजांना अमृतरावांची गरज होती. पन्नास वर्षांनंतर त्यांच्या नातवांची नव्हती.

१८५७ मध्ये करवीला नारायणरावांनी कारभार हाती घेतला आणि काही महिने तो चालवला. जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकची फौज आली तेव्हा दोघे भाऊ लढाई न देता तिच्या स्वाधीन झाले. या वेळी कलमे नव्हती. वाड्याच्या तळघरात विनायकरावांच्या घराण्याने साठवलेली संपत्ती लुटीचा माल ठरली. नारायणराव १८६० मध्ये हजारीबागच्या कैदेत वारले. माधवरावांना कोवळ्या वयामुळे माफी मिळाली आणि शिक्षणासाठी बरेलीला पाठवण्यात आले. मग त्या लुटीवरून इंग्लंडमध्ये मोठा खटला झाला. बांदा आणि करवीची लूट कोणत्या सेनापतीच्या, कोणत्या पलटणीच्या वाट्याला जावी, यावर नामांकित वकिलांनी दिवसचे दिवस युक्तिवाद केले. १८६६ मध्ये ॲडमिरल्टी न्यायालयाचे न्यायाधीश स्टीफन लशिंग्टन यांनी निकाल दिला. कायद्याची पुस्तके आजही तो नमूद करतात. सूक्ष्म न्याय झाला, पण सगळा जिंकणाऱ्यांच्या आपापसांतला. ज्यांची संपत्ती होती ते त्या खटल्यात पक्षकारच नव्हते. आजोबा कराराच्या मेजावर बसले होते. नातवांची संपत्ती दुसऱ्यांच्या मेजावर वाटली गेली. त्रेसष्ट वर्षांचा इतिहास असा एका घराण्यात सामावतो.

जगातही शब्दाचा प्रवास याच दिशेने झाला. सोळाव्या शतकात बलाढ्य उस्मानी सुलतानांनी फ्रेंचांना आणि इतरांना व्यापाराच्या सवलती दिल्या, त्यांचेही नाव कॅपिट्युलेशन्स. देताना तो दात्याचा दिमाख होता. साम्राज्य दुबळे झाल्यावर त्याच सवलती तुर्कांच्या गळ्यातला फास झाल्या आणि १९२३ च्या लोझान तहात रद्द झाल्या. कागद तोच राहिला. बळ बदलले आणि अर्थ उलटला. दुसरीकडे, १९४३ च्या कासाब्लांका परिषदेपासून दोस्तराष्ट्रांनी ‘बिनशर्त शरणागती’ हेच ध्येय जाहीर केले. १९४५ मध्ये जर्मन भाषेत तिला ‘बिनशर्त कॅपिट्युलेशन’ म्हटले गेले. कलमांच्या यादीतून जन्मलेल्या शब्दापुढे ‘कलमांविना’ हे विशेषण लागले आणि कोणाला खटकलेही नाही. आता शेअर बाजाराचे जाणकार तो शब्द वापरतात तो घाबरून मिळेल त्या भावाला विकून बाहेर पडणाऱ्या गुंतवणूकदारांसाठी.

हिटलरच्या राजवटीपुढे बिनशर्तचा आग्रह समजण्यासारखा होता. तिच्याशी कसली कलमे करायची? पण अपवादाचा नियम झाला की नुकसान होते. शरण येणाऱ्याला काहीच मागता येत नाही असे एकदा ठरले, की शेवटपर्यंत लढण्यावाचून त्याला दुसरी वाट उरत नाही. महाराष्ट्राच्या शासनाला हे गडचिरोलीत कळले आहे. नक्षलवाद्यांसाठी २००५ पासून चालू असलेली आत्मसमर्पण योजना म्हणजे आधीच छापून ठेवलेली कलमेच आहेत: पुनर्वसन, अर्थसाहाय्य, नव्याने जगण्याची सोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखला जाणारा वरिष्ठ माओवादी नेता साठ सहकाऱ्यांसह शस्त्रे घेऊन आला, त्यामागे सुरक्षा दलांचा दबाव होता, तशी ही उघडी वाटही होती. त्या कलमांची खरी परीक्षा समारंभाच्या दिवशी होत नाही. ती दहा वर्षांनी, बातमीदार निघून गेल्यावर, शरण आलेल्याच्या घरात होते.

अमृतरावांना दोषमुक्त करावे, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्या करारातली सर्वांत मोठी उणीव मुदतीची नव्हतीच. त्यात पुण्याच्या रयतेसाठी, त्या हिवाळ्यात नागवल्या गेलेल्या शहरासाठी काहीही मागितलेले नव्हते. वसईच्या पोर्तुगीजांनी निदान मागे राहणाऱ्यांचा धर्म लिहून घेतला. अमृतरावांनी स्वतःचे घर लिहून घेतले. काशीतला दानधर्म खरा होता, भुकेल्याला अन्न मिळाले तेही खरे. पण दान हे मालकाच्या मर्जीने मिळते, आणि करारात लिहिलेले हक्काने मागता येते. कोणाची शरणागती लाजिरवाणी आणि कोणाची शहाणपणाची, हे कोण किती वेळ लढला यावरून ठरवू नये. कोणासाठी काय लिहून घेतले, किती काळासाठी, आणि ते मोडले तर दाद कोणाकडे, हे विचारावे. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याने, स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करणाऱ्या कामगारानेही हेच विचारायला हवे. हरण्याची वेळ आपल्या हातात नसते; सही करण्याआधी कागद पूर्ण वाचणे मात्र असते.